हसण्याचा शॉट

सोपानराव हिंगे ऊर्फ आबा यांच्यावर लिहा, असं मला आजवर बऱ्याच जणांनी सांगितलं. बारामतीतल्या त्यांच्या प्रकट मुलाखतीनंतर सांगितलं, ते गेल्यावर तर फोनच सुरू झाले. प्रत्येकाला मी काहीतरी कारण दिलं. डोळ्यांचं ऑपरेशन, गुडघे, नातीचं लग्न. खरं कारण एवढंच होतं की आबांबद्दल खरं लिहायला बसलो, तर स्वतःबद्दलही लिहावं लागणार होतं. आता टाळायचाही कंटाळा आला आहे. म्हणून लिहितो.

ज्यांनी त्यांना पाहिलं नाही त्यांना सांगतो, सिनेमाचा दिग्दर्शक म्हणून जो माणूस डोळ्यांसमोर येतो, तसे आबा अजिबात नव्हते. उंच, खांद्यात वाकलेले, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. शूटिंगला खुर्ची मांडली तर तिच्यावर नटाचे कपडे पडलेले असायचे आणि आबा बांधावर उकिडवे बसलेले. नवा माणूस त्यांनाच विचारायचा, "ओ पाव्हणं, डायरेक्टर कुठं हायती?" आबा लांब कुठंतरी बोट दाखवायचे आणि तो माणूस खरंच तिकडे जायचा.

इंदापूर तालुक्यातलं, उजनी धरणाच्या फुगवट्याकडचं त्यांचं गाव. मी माळेगाव बुद्रुकचा. आमची पहिली भेट साखर कारखान्याच्या रस्त्यावर झाली. उसाने भरलेल्या बैलगाडीचा प्रसंग होता. नायकाने फाट्यावर गाडी वळवायची आणि नायिकेच्या गावाकडे जायचं. पण बैल कारखान्याचे होते. फाटा आला की ते नायकाला न जुमानता सरळ कारखान्याकडे चालू पडायचे. कासरा ओढून नायकाचे हात सोलपटले. निर्मात्याच्या माणसाने चाबूक उगारला, तसे आबा बांधावरून ओरडले, "मारू नगा रं! त्येंला कारखाना ठाऊक हाय, तुमची गोष्ट ठाऊक न्हाय."

मग त्यांनी गोष्टच बदलली. नायकाने चालत्या गाडीतून उडी मारायची, नायिकेकडे पळायचं आणि गाडी आपली एकटी कारखान्याकडे जात राहायची. त्या प्रसंगाला पुढे थेटरात शिट्ट्या पडायच्या. मी बघ्यांत उभा राहून मोठ्याने हसलो होतो. आबांनी बोलावलं.

"का हसलास?"

"बैल नायकापेक्षा शहाणे आहेत म्हणून."

"मंग उद्यापासनं ये. युनिटात तसं कुणी न्हाय."

असा मी त्यांचा सहायक झालो आणि 'वसंता' झालो. घरी मला कुणी त्या नावाने हाक मारत नव्हतं.

आबांची शिकवण म्हणजे अशी येता-जाता टाकलेली वाक्यं. ऊन गेलं म्हणून कुणी चिडलं की म्हणायचे, "उन्हाला शिव्या दिऊ नगा. त्येला आपलं शूटिंग हाय ह्ये कुणी सांगितलंय?" लेखकाने लांबलचक भाषण लिहून आणलं की म्हणायचे, "पिक्चर बघायला येणाऱ्याचं पाय दुखत असत्यात. दिवसभर राबून आलेला असतुया. त्येला उगं उभं करू नगा." रडण्याचे प्रसंग ते लांबून घ्यायचे. जवळ कॅमेरा लावायला सांगितला तर म्हणायचे, "कॅमेरा पाव्हणा हाय. पाव्हण्याला चुलीपाशी न्ह्यायचं न्हाय."

त्यांचा कॅमेरामन बापू तारळेकर. कोल्हापूरचा माणूस, अंगाने आडवा, जीभ तिखट. पहिल्या चित्रपटापासून दोघे बरोबर. आबांनी नुसती मान तिरकी केली तरी बापू कॅमेरा कुठे ठेवायचा ते ओळखायचे. दिवसभर एकमेकांना शिव्या, आणि जेवायला एका ताटात. "सोपान, तुला डोळं न्हाईत, नुस्ती तोंडाची वाफ हाय," बापू म्हणायचे. आबा म्हणायचे, "व्हय की. म्हणून तर तुला पोसलाय."

आता ती पद्धत सांगायला हवी, कारण सगळं तिच्याभोवती घडलं.

सिनेमात मेलेल्याचं सोंग घेतलेल्या माणसाला तसंच उठू द्यायचं नाही, असा संकेत आमच्या धंद्यात बरेच जण पाळत. कुणी त्याच्याकडून दोन शब्द बोलवून घेई, कुणी गोड खायला देई. आबांचा नेम मात्र कडक होता. मरणाचा शॉट झाला की कॅमेरा न हलवता त्याच माणसाचा हसतानाचा शॉट घ्यायचा. तिरडीवर असेल तर तिरडीवर. आबा स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभे राहून त्याला हसवत. "हसल्याबिगर उठायचं न्हाय. सोंग हितंच ठिवून जायाचं." तो तुकडा चित्रपटात जायचा नाही. पण नट गावातला असेल, तर चित्रपट लागल्यावर त्याच्या घरच्यांना थेटरात बोलावून, खेळ संपल्यावर तेवढा तुकडा त्यांना दाखवायचे. पडद्यावर बाप मेलेला बघून मुसमुसणारी पोरं तो हसताना बघून टाळ्या वाजवायची. मी हे कितीतरी वेळा पाहिलं आहे. निर्माते कच्च्या फिल्मसाठी कुरकुरत, पण या बाबतीत आबा कुणाचं ऐकत नसत.

आमचं बारामती तालुक्यातल्या सुप्याकडे शूटिंग चाललं होतं. कोरडवाहू माळ, बोरी-बाभळी, लांबवर धूळ. नायकाच्या बापाच्या कामासाठी आबांना तिथलाच एक म्हातारा सापडला होता, गेनूतात्या. बाजरी पिकवणारा साधा शेतकरी. त्यांनी आयुष्यात कॅमेरा पाहिला नव्हता, म्हणून त्याला बिचकतही नव्हते. त्या दिवशी तात्यांना तिरडीवर बांधलं होतं. शॉट एका झटक्यात झाला. आबांचं डोकं सकाळपासून ठणकत होतं, डोळे लाल झाले होते. ते जीपकडे निघाले आणि जाता जाता मला म्हणाले, "वसंता, तात्यांना हसवून घे. रिळात थोडी फिल्म हाय तेवढी. मग आटपा."

जीप गेली. मी वळलो तर माळावरून मेंढरांचा कळप येत होता. मावळता सूर्य त्यांच्या पाठीमागे, आणि धुळीचा असा काही लोट उठला होता की मेंढरं उजेडातूनच चालत येत आहेत असं वाटत होतं. मी इतकी वर्षं सहायक होतो. आपलं म्हणावं असं एकही चित्र माझ्या नावावर नव्हतं. मी बापूंना म्हणालो, "बापू, कॅमेरा फिरवा. उरलेल्या फिल्मवर मेंढरं घ्या."

"आन् म्हाताऱ्याचं हसणं?"

"आबांनी सांगितलंय. हसणं उद्या घेऊ."

बापूंनी माझ्याकडे जरा पाहिलं. पण ऊन बुडत होतं आणि असल्या उजेडापुढे कुठलाही कॅमेरामन वाद घालत बसत नाही. त्यांनी कॅमेरा फिरवला. मेंढरं आली, गेली, रीळ संपलं.

तिरडीवरचे तात्या मान वर करून विचारत होते, "ओ सायेब, हसायचं न्हाय का? मघापास्नं तोंड तयार ठिवलंय."

"उद्या हसू, तात्या."

"मंग आज काय घरी मेलेलाच जाऊ व्हय?"

सगळं युनिट हसलं. तात्याही हसले, बोळकं पसरून, पोट धरून. कॅमेरा तेव्हा पेटीत जात होता.

दुसऱ्या दिवशी नवं रीळ दुसऱ्याच प्रसंगात गेलं. नंतर उसाचे प्रसंग उरकायला युनिट माळेगावला हललं. तिथे एका संध्याकाळी आबांनी विचारलं, "तात्या हसलं न्हवं?" मी म्हणालो, "हसले की." ते खोटं नव्हतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. सवड मिळाली की सुप्याला जाऊन घेऊन येऊ, असंही मनात होतं. सवड मिळाली नाही, किंवा मी काढली नाही. आता त्यात काय फरक आहे?

मेंढरांचा शॉट आबांनी पाहिला तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारली. "ह्यो तुझा. ह्यात मी न्हाय." मी त्या दिवशी जेवलो नाही, इतका आनंद झाला होता.

पुण्यात संकलन चालू असताना सुप्याहून निरोप आला, गेनूतात्या गेले. शेतात बसल्या बसल्याच गेले. आबांनी हातातली कात्री खाली ठेवली. मग म्हणाले, "त्येंचं हसणं काढ. म्हातारीसाठी जपून ठिवू."

तिथे मी सांगायला हवं होतं. आबांनी शिव्या दिल्या असत्या, कदाचित हाकलून दिलं असतं. पण तात्या गेले होते, आणि माझ्या तोंडून निघालं, "ते जळालं, आबा. रिळाच्या शेवटाला होतं. रीळ काढताना उजेड शिरला."

बापूंनी घालवलं, असं मी म्हटलं नव्हतं. पण रीळ कॅमेऱ्यातून काढणं हे कॅमेरामनच्या माणसांचं काम आणि त्याची जबाबदारी बापूंची, हे मला चांगलं माहीत होतं. मेंढरं त्याच रिळाच्या शेवटाला शाबूत कशी, हे आबांनी त्या क्षणी विचारलं नाही. त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट घुसली होती. ते सारखं पुटपुटत होते, "हसणं ऱ्हायलं न्हाय, नुस्तं मरण ऱ्हायलं. मीच मारला त्येला."

त्यांनी बापूंना कोल्हापूरहून बोलावून घेतलं. बापू दारातून आत आले आणि आबा तुटून पडले. दारू पिऊन काम करतोस, म्हणाले. माणूस खाल्लास, म्हणाले. मी कोपऱ्यात फिल्म गुंडाळत होतो. बापूंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. बोलण्याची पाळी माझी आहे, असं सांगणारं ते पाहणं होतं. मी मान खाली घालून फिल्म गुंडाळत राहिलो.

बापू एवढंच म्हणाले, "सोपान, इचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू इचारायला बोलवलंच न्हाईस." आणि निघून गेले. त्यांनी माझं नाव का घेतलं नाही, हे कोडं मला पुष्कळ वर्षं पडलं होतं. आता वाटतं, ज्या मित्राने इतक्या वर्षांनंतर आपल्याला विचारायचीही गरज मानली नाही, त्याच्यापुढे साक्षीपुरावे मांडायला बापू तयार नव्हते.

चित्रपट बारामतीला लागला तेव्हा तात्यांची बायको, कोंडाबाई, दुपारच्या खेळाला एसटीने आल्या. नवऱ्याची तिरडी पडद्यावर पाहताना त्या रडल्या नाहीत. खेळ संपला, लोक गेले, त्या बसून राहिल्या. शूटिंगच्या वेळी त्यांना कुणीतरी सांगितलं होतं की शेवटी हसलेलं दाखवतात.

आबा त्यांच्यासमोर हात जोडून उभे राहिले. "आक्का, ते खराब झालं. आमच्या हातनं चूक झाली."

कोंडाबाई जरा वेळ पडद्याकडेच बघत राहिल्या. "आसंना का," त्या म्हणाल्या. "पर त्येंचा फोटूबी न्हाय वो घरात. ह्ये मेलेलं त्येवढं डोळ्यात घिऊन जाते मंग."

आबांनी त्यानंतर आणखी दोन चित्रपट केले. कॅमेरामन नवा, हुशार, पण आबा मान तिरकी करून उभे राहायचे आणि तो विचारायचा, "काय हवंय सर?" आबा म्हणायचे, "काय न्हाय. लाव कुठंबी." कुठंबी लावलेल्या कॅमेऱ्याचे चित्रपट जसे होतात तसे ते झाले. मग आबा गावी गेले आणि डाळिंबं लावली. मी पुण्यात मालिकांची कामं केली आणि निवृत्त होऊन माळेगावला परतलो. महिन्यातून एखादी चक्कर आबांकडे व्हायची. ते फळांना कागद गुंडाळत बसलेले असायचे. मी जवळ बसायचो. "दमलो रं वसंता," हे त्यांचं अलीकडचं आवडतं वाक्य. कशाने, हे मी कधी विचारलं नाही.

बारामतीच्या एका मंडळाने त्यांची प्रकट मुलाखत ठेवली आणि प्रश्न विचारायला मलाच बसवलं. आबा येतच नव्हते. "माझं काय आइकायचंय? जुनं खोडं." पण आले. सभागृह भरलं होतं, एमआयडीसीतली कामावरून थेट आलेली पोरंसुद्धा मागे उभी होती. बैलगाडीची गोष्ट आबांनी अशी रंगवली की लोक खुर्च्यांवरून घसरले.

मग श्रोत्यांतून एका बाईंनी विचारलं, "सर, तो धुळीतल्या मेंढरांचा शॉट तुम्हाला कसा सुचला?"

आबांनी माईक हातात घेतला. "बाई, त्यो माझा न्हाय. ह्यो बसलाय न्हवं, वसंता, त्येचा हाय. आजवर लोकांनी शाबासकी मला दिली. मी सांगायचं राहून गेलं. आज सांगतो."

टाळ्या थांबेनात. मला उभं राहावं लागलं, हात जोडावे लागले.

टाळ्या थांबल्यावर आबा हळू आवाजात म्हणाले, "आन् कॅमेरा बापू तारळेकरचा. माझा डोळा होता त्यो. एका रिळापायी मी त्येला घालवला. जळलं तर जळलं, माणसापरास रीळ मोठं व्हतं व्हय? पर त्या वक्ताला कळलं न्हाय."

माझ्या हातात माईक होता. समोर शे-दोनशे माणसं, शेजारी आबा. सांगायला याहून चांगली जागा मिळाली नसती. मी पुढचा प्रश्न विचारला. "आजच्या तरुण दिग्दर्शकांना काय सांगाल?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. थकले होते. म्हणाले, "सांगायचं काय? पाय दुखत असत्यात लोकांचं, ह्ये ध्यानात ठिवा." पुन्हा टाळ्या.

परतताना गाडीत इंदापूरच्या रस्त्याला ते बराच वेळ डोळे मिटून होते. मला वाटलं झोपले. एकदम म्हणाले, "वसंता, बापूचा पत्ता हाय का तुझ्याकडं?"

"शोधावा लागेल."

"शोध. कोल्हापूरला जाऊन यिऊ. त्येचे पाय धरतो म्हणतो. आता ह्या वयात लाज कसली?"

पत्ता माझ्याकडे होता. पण बापूंसमोर आबा पाय धरायला वाकणार आणि बापू माझ्याकडे पुन्हा तसेच पाहणार, या चित्राला मी भ्यालो. आधी म्हणालो, ऊन उतरू द्या. मग पावसात रस्ता खराब आहे म्हणालो. दिवाळीत बापू मुलाकडे गेले असतील म्हणालो. आबा दर भेटीला विचारायचे, पुढे पुढे नुसतं "कोल्हापूर?" एवढंच म्हणायचे, आणि मी उत्तर द्यायच्या आत स्वतःच म्हणायचे, "बरं, बघू."

एका सकाळी त्यांचाच फोन आला. "वसंता, बापू गेला. पेपरात आलंय." मी पेपर शोधू लागलो. तेच म्हणाले, "तू तरी काय करशील? पत्ताच सापडंना तुला." त्या आवाजात टोमणा होता का, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मला वाटतं, नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

त्यानंतर आबा उतरत गेले. डाळिंबांकडे जाणं थांबलं. मग त्यांना बारामतीच्या दवाखान्यात ठेवलं. मी रोज जायचो. माळेगावाहून निघताना दर सकाळी ठरवायचो की आज सांगायचं. वाक्यं पाठ केली होती. एका दुपारी खोलीत आम्ही दोघेच होतो. मी खुर्ची पलंगाजवळ ओढली आणि म्हणालो, "आबा, एक सांगायचं होतं."

त्यांनी डोळे उघडले. "सांग की."

"सुप्याच्या शूटिंगचं."

मग त्यांनी हात उचलून माझ्या मनगटावर ठेवला. हात कागदासारखा हलका झाला होता. "मेंढरांवर काय ऊन पडलं व्हतं रं त्या दिवशी," ते म्हणाले. "डोकं दुखत व्हतं म्हणून मी गेलो, न्हायतर मीबी बघितलं असतं." चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मी पाठ केलेली वाक्यं बाजूला ठेवली. मनात आलं, हे एवढं तरी कशाला हिसकावून घ्यायचं? उद्या सांगू. तेवढ्यात सूनबाई चहा घेऊन आल्या.

मी त्यांच्या भल्यासाठी गप्प बसलो, असं घरी येताना स्वतःला सांगितलं. भल्यासाठी नव्हतं ते. त्यांचा हात मनगटावर होता आणि मला तो काढून घेतलेला नको होता.

दुसऱ्या दिवशी मी पोहोचलो तेव्हा पलंग रिकामा होता.

सुप्याला मी नंतर जाऊन आलो. कोंडाबाई कधीच्या गेल्या होत्या. कोल्हापूरला बापूंच्या घरी कोण आहे, ते अजून पाहिलेलं नाही. हे छापून आलं की तिकडे पाठवीन. पण जी वाक्यं पाठ केली होती, ती ज्यांच्यासाठी होती त्यांना काही आता मिळायची नाहीत. दवाखान्याच्या पायऱ्या चढताना मी ती रोज मनात म्हणायचो, ती अशी:

आबा, रीळ जळालं नव्हतं. तात्यांचं हसणं मी घेतलंच नाही. बापूंना मी तुमचं नाव सांगून मेंढरं घ्यायला लावली आणि तुम्हाला खोटं सांगितलं. त्यांचा काही दोष नव्हता, तुमचाही नव्हता. मला माफ करा.